गंगासागरची आंतर्द्रव्यजालिका

युसूफ वडगाव,
६ जुलै २०२५

बबिता,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पोस्टानं लिहिते आहे. पाकिटावर भागवतचं नाव घातलंय. नवऱ्याच्या नावाचं पाकीट तू न उघडता परत पाठवणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते.

अक्षय तृतीयेला आईकडे सिरसाळ्यात जे झालं, त्याबद्दल लिहायला मी बसलेली नाही. गंगासागरनं चाचपडत तांब्या सांडला आणि माझ्या तोंडून निघालं ते काळजीपोटीच. सगळे जेवायला बसले होते, हे मान्य. आवाज चढला असेल. "साखर नीट सांभाळली असती तर पोरीची नजर गेली नसती, इंजेक्शन उसाच्या फडात उन्हात टाकत असशील," असं मी म्हणाले. मी मावशी आहे, त्यातून शाळेत विज्ञान शिकवते. मी नाही बोलायचं तर कुणी? तू ताटावरून उठलीस, पोरीचा हात धरलास आणि उपाशीच गेलीस. ते काही बरं केलं नाहीस.

पण आज कारण वेगळं आहे. काल आई फोनवर म्हणाली, "गंगूला मागून हाक मारली तर वळंना झालीय." आणि म्हणाली, साखर बरोबर असते तरी पोरगी घागरीला तोंड लावून पाणी पिते, रात्रीतून चारदा उठते. तेव्हापासून माझ्या मनाला काहीतरी टोचतंय. साखरेनं तेराव्या वर्षी कान जात नाहीत, बबिता.

सध्या मी आठवीला पेशीचा धडा शिकवते आहे. परवा मधल्या सुट्टीत वर्गात कुणी नव्हतं, फळ्यावर मीच काढलेली पेशी होती, बाहेर नुसतं ढगाळ. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला आणि मी त्या चित्रात शिरले. आत सगळीकडे पातळ पडदेच पडदे, एकात एक गुंतलेले, ओले, हळूहळू हलणारे. वाट संपतच नव्हती. पुढे कुणीतरी लहान पोर चालत होतं आणि हाक मारली तरी वळत नव्हतं. घंटा झाली तेव्हा माझ्या हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली होती.

तर माझं एक ऐक. गंगूच्या साखरेची वही ठेवली असशील तर मला पाठव. ठेवली असशील तर म्हणते.

आणि हे पत्र गंगूकडून वाचून घेऊ नकोस.

लिहून झाल्यावर लक्षात आलं, ते आता तिला दिसणारच नाही. खोडत नाही, राहू दे.

तुझी आक्का,
मनिषा


युसूफ वडगाव,
२० जुलै २०२५

बबिता,

भागवत केजच्या बाजारात बोकडं घेऊन आला होता, तिथून वाकडी वाट करून शाळेत आला. पायरीवर उभा राहिला, बसला नाही. पिशवीतून वह्या काढून हातात दिल्या. मी विचारलं, "बबिता काय म्हणाली?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"म्हणली, वाचून झाल्या की परत पायजेत."

आणि गेला. तुझा नवरा पहिल्यापासूनच कमी बोलतो, पण मान खाली घालून बोलणारा तो नव्हता.

चार वह्या होत्या. मला वाटलं होतं, मधली मधली पानं कोरी असतील. ती सापडावीत म्हणूनच मी बसले होते, हे आता तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, निजताना. सहा वर्षं. एक दिवस सुटलेला नाही. तुझं ते सातवीतलं अक्षर, 'श' उलटा काढायची खोड अजून तशीच. 'फडावर. मडकं वल्ल्या वाळूत पुरलं. इंजेक्शन गार हाय.' दुसऱ्या पानावर, 'ट्रॅक्टरवर. मशीन हालती, दोनदा बघितलं. १४२.' एका पानावर आकड्यांच्या खाली 'गंगू म्हणती लाल मिर्ची ताकावानी दिसती'. तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे. मला ते तू सांगितलं नव्हतंस. का सांगशील? मी काय म्हटलं असतं, ते तुला ठाऊक असणार.

या वह्या मी संभाजीनगरला एका डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी पानं उलटली, मग चष्मा काढून विचारलं, "ही आई शिकलेली आहे का?" मी म्हटलं, "सातवी." ते म्हणाले, "इतकी सांभाळलेली साखर मी शहरातसुद्धा क्वचित बघतो. या साखरेनं नजर जाणार नाही. वेगळं काहीतरी आहे. पोरीला घेऊन या."

मी खाली उतरले आणि एसटी स्टँडच्या बाकड्यावर तासभर बसले. दोन गाड्या गेल्या. बबिता, सिरसाळ्यात त्या दिवशी जे बोलले ते चुकीचं होतं. नुसतं कडू नाही, चुकीचं.

गंगूला पाठव. तू यायचं नसेल तर येऊ नकोस, भागवतबरोबर पाठव.

मनिषा


युसूफ वडगाव,
११ ऑगस्ट २०२५

बबिता,

तू आली नाहीस. भागवतनं पोरीला आणलं आणि पिशवीत तिच्या दोन ड्रेसांच्या खाली तू भाकरी आणि ठेचा बांधून दिला होतास, तीन माणसांचा. मी मोजून बघितलं. तिसरा हिस्सा माझा होता का, हे मी भागवतला विचारलं नाही. खाल्ला.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ बघितलं. पडदा स्वच्छ आहे म्हणाले. साखरेनं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तसलं काही नाही. पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस फिकी पडलीय, वाळल्यासारखी. मग कान तपासले. बारीक, उंच आवाज तिला ऐकू येत नाहीत. ती वेगळी तहान, लघवी, तेही विचारलं. शेवटी हाताची बोटं एकात एक गुंतवून म्हणाले, "साखर, नजर, कान, तहान. चारही गोष्टी एकाच जागेवरून आल्यात असं मला वाटतं." आणि रक्त काढून पुण्याला पाठवलं.

बाहेर आल्यावर गंगूनं माझी बाही ओढली. "मावशी, कोणती जागा?"

मी म्हटलं, "घरी गेल्यावर दाखवते."

घरी आले आणि मग सुचेना, जिला दिसत नाही तिला दाखवायचं काय? शेवटी माझं एक जुनं सुती लुगडं काढलं. आईचं होतं ते, मऊ झालेलं. त्याच्या घड्या घातल्या, एकीवर एक, मधे मधे वाट ठेवत. अर्ध्या भागावर डिंक लावून मोहरी चिकटवली. एक लिंबू मधोमध ठेवलं आणि पहिली घडी त्या लिंबाभोवती गुंडाळली. पोरीचे दोन्ही हात त्यावर ठेवले.

"लिंबू म्हणजे पेशीचं केंद्रक. त्याला लागूनच हे पडदे सुरू होतात. सगळी पेशीभर पसरतात. यांना म्हणतात आंतर्द्रव्यजालिका."

"केवढं नाव!" ती हसली. मग बोटं सरकवत गेली. "हितं खरबरीत हाय. आन हितं गुळगुळीत."

"बरोबर. पुस्तकातही अगदी हेच लिहिलंय. मोहरी म्हणजे रायबोझोम. ते प्रथिनं बनवतात. तुला टोचतो ते इन्शुलिन पण प्रथिनच, धडधाकट माणसाच्या अंगात ते असल्याच पडद्यात तयार होतं. नुसतं बनवून भागत नाही. प्रथिन म्हणजे लांबच लांब दोरा, त्याला नेमकी घडी घालावी लागते. घडी चुकली की ते कामाचं नाही."

"आन चुकली तर?"

"परत घालून बघतात. नाहीच जमली तर बाजूला काढून मोडून टाकतात. बरोबर असेल तेवढंच पुढे पाठवतात. गुळगुळीत भागात वेगळी कामं. चरबी तयार करायची, यकृतात औषधांचं, दारूचं विष उतरवायचं. आणि या पोकळ्यांत कॅल्शियम साठवून ठेवायचं, लागेल तेव्हा सोडायचं."

लुगड्यातून तिची बोटं आत आत जात होती. खिडकीतून ऊन येऊन तिच्या मनगटावर पडलं होतं आणि मला वाटलं, मी परत त्या स्वप्नात आहे, फक्त या वेळी वाट तिला माहीत आहे आणि मी मागून चालते आहे.

"मावशी, माज्यात कुठं बिघडलंय?"

मी म्हटलं, "रिपोर्ट आल्यावर कळेल. पण डॉक्टरांना वाटतं, या पडद्यातच एक प्रथिन असतं, पडदा सावरून धरणारं. ते तुझ्यात नीट बनत नसावं. मग इथं न बसलेल्या घड्यांचा ढीग साचतो, कॅल्शियम गळतं. पेशी दमते. लई दमली की ती आपणच कारभार आटोपते. इन्शुलिनच्या पेशी, डोळ्याच्या नसेच्या, कानाच्या. ज्यांना जास्त काम, त्या आधी."

"म्हंजे मी काय चुकीचं खाल्लं म्हणून न्हाई?"

"नाही."

ती काहीतरी आणखी विचारणार होती. ओठ हलले. मग म्हणाली, "आता निजते."

भागवत दारात बसून सगळं ऐकत होता. उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं आला.

मनिषा


युसूफ वडगाव,
२३ सप्टेंबर २०२५

बबिता,

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी भागवतला फोनवर सांगितलंय, त्यानं तुला सांगितलं असेल. मी माझ्या हातानं पुन्हा लिहिते, कारण तो थोडक्यात सांगेल आणि तू थोडक्यावर रात्रंदिवस विचार करत बसशील.

आजाराचं नाव वुल्फ्रम सिंड्रोम. लाखांत एखाद्याला होतो. ज्या प्रथिनाबद्दल मी गंगूला सांगितलं, ते बनवायच्या सूचनेच्या प्रत्येकाला दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक चुकलेली असली तरी दुसरीवर भागतं, माणसाला आयुष्यभर कळतही नाही. दोन्ही चुकल्या तरच हे होतं. तुझ्यात एक चुकलेली आहे, भागवतमध्ये एक. तू आणि तो आते-मामेभावंडं. आपल्या आजा-आजीपैकी कुणाकडून तरी ती चालत आली, एक आईच्या अंगानं तुझ्यात, एक मामाच्या अंगानं त्याच्यात. दोघांनी काही केलं नाही. उन्हानं, फडानं, मडक्यानं, कशानंही झालेलं नाही.

हा आजार बरा करणारं औषध आज नाही. तहानेला गोळी आहे, ती सुरू करायची. कानाला मशीन. अंध मुलांच्या शाळेत बोटांनी वाचायला शिकता येतं, ते लवकर शिकवायचं, कान बरे आहेत तोवर. डॉक्टर पुढच्या वर्षांबद्दलही बोलले. ते मी लिहीत नाही. भेटून सांगेन, तू विचारलंस तर.

आता दुसरं.

डॉक्टरांनी विचारलं, तुमचं रक्त तपासायचं का? मी दिलं. माझ्यातही आहे. एक प्रत, तुझ्यासारखीच.

तुला आठवतं, २००८ सालच्या उन्हाळ्यात मामा नारळ आणि साडी घेऊन आले होते. भागवतसाठी त्यांनी मला मागितलं होतं, थोरली म्हणून. मला बीएस्सी करायचं होतं. आई म्हणाली, भावाला नाही कसं म्हणू? दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा गोठ्याकडे एकटेच होते, तिथं जाऊन मी त्यांना सांगितलं, "मामा, बबिताच्या मनात भागवत आहे. ती लाजते, बोलणार नाही. माझ्याशी लावलं तर ती विहीर जवळ करील."

हे मी रचलं होतं, बबिता. तुझ्या मनात काय आहे, मी तुला कधी विचारलंच नव्हतं. मामांनी साडी तुझ्या अंगावर घातली, तू खाली मान घालून बसलीस आणि मी ती मान लाजेची आहे असं स्वतःला पटवलं. सतरा वर्षं पटवत आले. मी पुस्तकं वाचली, नोकरी केली, आणि तुझ्या पदरात जे पडलं ते माझ्यासाठी आलेलं होतं. गंगू माझ्या पोटी आली असती. वर मीच तुला भरल्या पंगतीत विचारलं, तू काय केलंस पोरीचं.

हे पत्र पाकिटात घालावं की नाही, हा विचार करण्यात चार दिवस गेले.

तुझी आक्का


पाली,
८ ऑक्टोबर

आक्कास,

तुजी चारी पत्रं मी वाचली. येक येक अक्षर लावून वाचली, कुनाकडून वाचून घेतली न्हाईत. शेवटचं वाचायला दोन दिवस लागले. मला लिवायची सवय वहीत आकडे टाकायची, म्हणून जे जमल ते लिवते.

मामाला तू गोठ्यात काय सांगितलं ते मला आदीच म्हाईत हाय. सोयरीक झाल्यावर मामीनं हसत हसत सांगितलं व्हतं. मला वाटलं, आक्काला कसं कळलं? मी तर कुनालाच बोलले नव्हते.

तू खोटं बोललीस आसं तुला वाटतं. ते खोटं नव्हतं गं. सुट्टीला मामाकडं गेले की मी गंगूच्या बापासंगं मेंढरामागं जायची. तू घरात पुस्तक घिऊन बसायची. त्येनी मला मेंढीची नाडी कुठं लागती ते शिकवलं, मानंखाली न्हाई, मांडीच्या आतून. तवापासून माज्या मनात व्हतं. मामा तुला मागायला आले त्या दिवशी मी चुलीपाशी बसून धुराच्या नावावर रडले. तू न्हाई म्हणलीस तवा मी म्हादेवाला नारळ फोडला. म्हणून मान खाली घातली, तुला हसू दिसू नाई म्हणून. तवा तू मला ढकललं आसं जे मनात धरलंस, ते सोड. त्यो संसार माजा हाय. गंगू माजी हाय. ती तुज्या पोटी आली आसती आसं परत लिवू नको. मला ते लई लागलं.

तुजा राग आला त्याचं कारण येगळं हाय. तू मला बोललीस ते मी पोटात घातलं आसतं. पन तू पोरीच्या देखत बोललीस. त्या दिसापासून पोरगी मला इचारती, आई, तू कदी माजी सुई इसरलीस का? खरं सांग, मी रागवनार न्हाई. मी म्हणते, न्हाई गं बाय. ती गप बसती. आन आठ दिसांनी परत इचारती. आता मागून हाक मारली तर ऐकू येत न्हाई, पन तुजं त्या दिसाचं बोलनं तिच्या कानातून जाईना.

तुजी पत्रं मी तिला वाचून दावली न्हाईत. माज्या तोंडून तिला ते पटनार न्हाई. मास्तरीन तू हायस.

भाऊबीजेला सिरसाळ्याला अजिनाथदादाकडं सगळे येतेत, त्या दिशी जेवायला व्हते तेच सगळे. तू ये. पंगतीत बोललीस तर पंगतीतच सांग. हळू सांगू नको, तिला ऐकू जायला पायजे.

बबिता


युसूफ वडगाव,
२६ ऑक्टोबर २०२५

बबिता,

तू तिथंच होतीस, तरी लिहिते आहे. कारण शेवटी तू आत गेलीस आणि एक गोष्ट तुला दिसली नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी सिरसाळ्याला उतरले. वर्गात साठ पोरांपुढे मी रोज बोलते, पण अजिनाथच्या पडवीत आई, मामी, दोन्ही भावजया, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून गंगू, यांच्यापुढे माझी जीभ उचलेना. ताटं वाढली. अजिनाथ म्हणाला, "आक्का, घास घे की." तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस.

मी उभी राहिले. गंगूच्या समोर जाऊन बसले, तिचे हात हातात घेतले आणि मोठ्यानं बोलले. किती मोठ्यानं, ते शेजारची माणसं दारात आली त्यावरून कळलं. "गंगासागर, मी तुझ्या आईला या जागेवर बोलले होते. ते चुकीचं होतं. तुझ्या आईनं सहा वर्षांत एक सुई चुकवली नाही. मी चारी वह्या बघितल्यात, डॉक्टरांनी बघितल्यात. तुझी नजर तिच्यामुळे गेली नाही. मी शिकलेली असून मला कळलं नाही आणि साखर नीट आहे हे तिला आधीपासून माहीत होतं."

मामी पदर तोंडाला लावून बसली. गंगूनं विचारलं, "मग कुनामुळं गेली?"

"कुणामुळंच नाही. तुझ्या पेशीत एका प्रथिनाची सूचना जन्मतःच चुकलेली आहे. चूक आहे, पण ती कुणी केलेली नाही."

"आसं आसतंय का?"

"असतं."

तू तेव्हा उठलीस आणि ताक आणते म्हणून आत गेलीस. भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. आईही तुझ्यामागे उठायला लागली. तर गंगूनं हात लांबवून तिला अडवलं. बरोबर तिच्याच हातावर हात पडला, कसा कुणास ठाऊक.

"आजी, नको जाऊ. बस."

आई म्हणाली, "आगं, ती एकटीच..."

"रडतीय." गंगूनं कानाच्या मशीनला बोट लावलं. नवरात्रानंतर बसवलेलं, अजून तिला टोचतं ते. "हे लावल्यापासून मला आईच्या बांगड्या ऐकू येतेत. मधी किती तरी दीस येत नव्हत्या. मला वाटलं आईनं काढल्या. ती काम करती तवर वाजतेत. आता थांबल्या." मग जरा वेळ ती कान देऊन बसली, पंगतभर शांत, ताटातला भात निवत होता. "रडू द्या तिला. कदी रडली न्हाई ती माज्यासमोर."

आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, बबिता. कुणी घास घेतला नाही. मग आतून एक बारीक आवाज आला, मला तर नीट ऐकूही आला नाही. गंगू हसली आणि म्हणाली, "आता वाढा. आई यायली."

आक्का